सलाईनच्या दांड्याची कावीळ

तिसगाव

लोक प्रवासाला निघतात ते डोंगर, समुद्र, देवळं बघायला. मी निघालो ते माझ्या पोटातला एक खडा नगरला पोहोचवायला. तिसगाव ते नगर म्हणजे एसटीने तास-दीड तास. मला अठ्ठावीस दिवस लागले. त्यातले सव्वीस दिवस मी घरीच माळ घालून बसलो होतो.

माळ कसली ते आधी सांगतो. आमच्या घरात काविळीची माळ देतात. बाजारात बसलो की मी सात पिढ्यांचं सांगतो, खऱ्या तीनच आहेत. घेटुळीच्या ओल्या मुळीचे बोटभर तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवायचे आणि माळ मुंडाशासारखी डोक्यावर घट्ट बसवायची. चार-पाच दिवसांत ती गळ्यात येते, मग छातीवर, मग कमरेला. शेवटी पायातून उतरली की कावीळ उतरली. तोवर तेल बंद, हळद बंद. पाथर्डीपासून शेवगावपर्यंतची पिवळ्या डोळ्यांची माणसं बाजारच्या दिवशी माझ्यापुढे रांग लावून बसतात. ती रांग एकदा पार वेशीबाहेर गेली होती आणि तिला एसटीची रांग समजून दोन गाड्या थांबल्या होत्या. बरं, एकच गाडी थांबली होती.

आणि दर बाजारी मी एक वाक्य न चुकता म्हणायचो: आमच्या घरात कावीळ शिरत नाही. उंबऱ्यापर्यंत येते, मला बघते आणि चपला हातात घेऊन पळते.

तर त्या काविळीने यंदा डाव साधला. एका लग्नात मी तेलाचा तवंग असलेल्या झणझणीत शिपी आमटीवर असा हात मारला की आचाऱ्याने पातेल्याला कुलूप शोधलं. घरी आलो आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की ती खांद्यातून निघून छपरातून बाहेर गेली. आठवड्याने डोळे पिवळे झाले. लघवी अशी, की काळा चहा बरा. अंगाला खाज एवढी, की गोठ्यातली म्हैस खांबाला अंग घासताना मला जागा करून द्यायची.

मी काय करणार? स्वतःची माळ स्वतः बांधली. बायको हिराने देवापुढे ठेवून ती माझ्या डोक्यावर चढवली. गावाला कळू नये म्हणून वरून फेटा बांधला, डोळ्यांवर काळा चष्मा. माळ नियमाप्रमाणे गळ्यात आली, छातीवर आली, कमरेला आली. सव्विसाव्या दिवशी पायातून उतरली. आरशात बघितलं, तर डोळे झेंडूसारखे.

हिरा म्हणाली, "आवं, आसं कसं? तुमची माळ तर कदी खोटी पडत न्हाई."

माळ का वाढते ते मला ठाऊक होतं. तीन पिढ्यांत ते फक्त बापाने मुलाला सांगितलेलं होतं. हिराला मी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही सांगितलं.

त्याच दुपारी पाथर्डीला गुपचूप सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत खड्यांचा ढीग, आणि त्यातला एक निसटून पित्ताच्या नळीत अडकलेला. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. खाट अशी हलली की शेजाऱ्याला वाटलं, बोअरची गाडी लागली. ताप उतरल्यावर मी ठरवून टाकलं. खडा काढायचा, म्हणजे काढायचाच. आणि गावाला कळू द्यायचं नाही. माळवाल्या तात्यालाच कावीळ झाली आणि त्याने ऑपरेशन करून घेतलं, हे बाजारात कळलं की मग मी मेलो काय आणि जगलो काय, सारखंच.

गावात सांगितलं, राहुरीच्या विद्यापीठाने मला मुळ्यांवर व्याख्यान द्यायला बोलावलंय. कोणालाही शंका आली नाही. इतक्या वर्षांत मी याहून मोठमोठं सांगितलेलं होतं.

हिरा बरोबर निघाली. निघताना तिने ताज्या मुळ्यांची एक माळ माझ्याकडून बांधून घेतली आणि पिशवीत टाकली. म्हणाली, डॉक्टरचं डॉक्टरपाशी, आपलं आपल्यापाशी.

करंजीचा घाट

करंजीच्या घाटात दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मधून काळा रस्ता आणि वर पवनचक्क्या. पवनचक्क्या एवढ्या हळू फिरत होत्या की त्यांनाही जेवणात तेल बंद असावं. पोटात खडा नसलेला माणूस ते डोंगर बघतो. मी एसटीची समोरची दांडी बघत होतो.

तिसऱ्या वळणावर गचका बसला आणि चष्मा खाली पडला. शेजारच्या बाकावर बोरांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने चष्मा उचलून दिला आणि माझे डोळे बघून पाटीच मागे ओढली.

"कावीळ हाय की वो तुमाला," ती म्हणाली. "मंग नगरला कशाला चाललाय? तिसगावला जायचं. तितं तात्या म्हनून हाय, माळ देतो. लई गुन."

मी विचारलं, तुम्ही पाहिलाय का त्याला?

"पायला न्हाई. पन लोक सांगत्यात. तुमी उलट्या वाटंला चाललाय, पावनं."

हिराने पदर तोंडाला लावला. मी म्हातारीचे आभार मानले. माझी एवढी जाहिरात मीसुद्धा कधी केली नव्हती, आणि ती ऐकून मला एवढी भीतीही कधी वाटली नव्हती.

भिंगार

भिंगारला उतरलो की हवाच बदलते. लष्कराची हद्द. रस्त्याकडेचे दगडसुद्धा चुना लावून एका ओळीत बसवलेले. आमच्याकडे माणसं ओळीत बसत नाहीत, इथे दगड बसतात.

इथे माझी जुनी वैरीण राहते. कृपाबाई सिस्टर. आमच्या आरोग्य केंद्रात वीस वर्षं नोकरी केली आणि ती सगळी वर्षं माझ्याशी भांडण्यात घालवली. बाजारच्या दिवशी माझ्या रांगेत घुसायची, कोणाची लघवी काळी, कोणाला ताप, विचारायची आणि निम्मी रांग उठवून दवाखान्यात न्यायची. मी तिला शाप द्यायचो. ती मला "वैद्यबुवा" म्हणायची, तेही असं, की शिवी बरी. निवृत्त होऊन ती भिंगारला आपल्या घरी आली, तेव्हा मी पेढे वाटले होते. आणि आज तिच्याच दारात उभा होतो, कारण नगरात गुपित राखणारं दुसरं माणूस मला माहीत नव्हतं.

वाटलं होतं, हसेल. निदान टोमणा तरी मारेल. तिने नुसता माझा चष्मा काढला, खालची पापणी ओढली आणि विचारलं, किती दिवस झाले. मी म्हणालो, अठ्ठावीस.

"वैद्यबुवा, मी तुमच्या गावात असते तर तुमचे एवढे दिवस जाऊ दिले नसते," ती म्हणाली. "तुमच्या डोक्यावरची माळ ओढून नेलं असतं तुम्हाला."

मला चमचाभर पाणीसुद्धा दिलं नाही. म्हणाली, दवाखान्यात आज काय करतील सांगता येत नाही, पोट रिकामं राहू दे. हिराला मात्र ज्वारीची भाकरी आणि बिनतेलाची दुधी वाढली. अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदाच मला दुधीचा वास आंब्यासारखा वाटला.

रिक्षा येईपर्यंत तिने जुन्या काळातलं सांगितलं. ती तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात होती. तेव्हा खडा काढायचा म्हणजे बरगडीखालून तिरका, वीतभर पोट उघडायचे. नळीत खडा असला तर नळी चिरून काढायचे आणि तिथे रबराची नळी बसवून ती पोटातून बाहेर, बाटलीत. खाटेखाली ती हिरवी-पिवळी बाटली, आणि रोज सकाळी तिने मोजायचं, किती पित्त आलं. माणूस तीन-तीन आठवडे उठायचा नाही. माझ्या मामाचं तसंच झालं होतं. त्याच्या पोटावरचा व्रण विळ्याएवढा होता. काढलेले खडे तो औषधाच्या बाटलीत घालून बाजारात दाखवायचा. आम्ही पोरं ती बाटली बघून घाबरायचो आणि मी तेव्हाच ठरवलं होतं, मेलो तरी पोट उघडायचं नाही.

"आता पोट उघडत नाहीत," कृपाबाई म्हणाली. "आता उघडावं लागतं ते तोंड. तुमचं तर कायम उघडंच असतं."

मी बरा होणार, असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

नगर

पाट्यांवर अहिल्यानगर आहे, कंडक्टरच्या तोंडात नगर. माझ्या तोंडून एकही निघत नव्हतं, पुन्हा थंडी भरून आली होती.

दवाखान्याचे रिवाज मी बारकाईने बघितले, शेवटी धंदा एकच. मी रांग लावतो, ते नंबर देतात. मी उपाशी ठेवतो, तेही ठेवतात. मी डोळे बघतो, तेही आधी डोळेच बघतात. फरक एवढाच, की मी डोळे बघून बोलायला लागतो आणि ते डोळे बघून आत काय आहे ते बघायला लागतात. मशीनच्या बोगद्यात घालून त्यांनी माझ्या पोटातल्या नळ्यांचा फोटो काढला. पानं गळलेलं झाड असावं तसा.

डॉक्टरीणबाई राहुरीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. लिव्हर म्हणजे मुळा धरण. पित्ताची पिशवी म्हणजे शेततळं. नळी म्हणजे पाट. शेततळ्यातला धोंडा पाटात येऊन अडकलाय, पाणी मागे तुंबलंय आणि सडायला लागलंय. आधी तोंडातून दुर्बीण घालून पाटातला धोंडा काढू. ताप गेला, की चार भोकं पाडून शेततळंच काढून टाकू. एकदा धोंडे धरलेलं शेततळं पुन्हा धोंडेच धरतं.

मी विचारलं, आपोआप नसता गेला का?

"साधी कावीळ म्हणजे धरणाचाच आजार," त्या म्हणाल्या. "ती बहुतेकांची काही दिवसांनी आपोआप जाते, तरी लक्ष ठेवावं लागतं. पाट असा अडला, की वाट बघण्यात जीव जातो."

हिराने तेवढ्यात पिशवीतून ताजी माळ काढली. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, पेशंटच्या अंगावर काही चालणार नाही. हिरा हटेना. वाद वाढला, तेव्हा आमच्याबरोबर आलेल्या कृपाबाईने माळ घेतली आणि सलाईनच्या दांड्याच्या वरच्या आकड्याखाली गच्च बसवली. म्हणाली, "इथे राहू द्या. दांड्याला काही होत नाही." वर पंखा गरगरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दुर्बिणीच्या खोलीत नेलं. मी ठरवलं होतं, डोळे उघडे ठेवून सगळं बघायचं आणि परत येऊन लिहायचं. सुई टोचली, मी एक ते तीन मोजलं आणि चौथा आकडा वॉर्डात येऊन मोजला. नळीचं तोंड थोडं कापून खडा बाहेर ओढला होता आणि पित्त वाहतं राहावं म्हणून आत प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवली होती. ती पुढे काही आठवड्यांनी काढली. पोटावर ओरखडासुद्धा नाही. मामा हे बघायला असता, तर त्याने आपला व्रण परत केला असता.

संध्याकाळपर्यंत ताप पळाला. मी मनात म्हणालो, तात्या, जिंकलास. चार भोकं पाडून घ्यायची, गावी जायचं आणि राहुरीचं व्याख्यान कसं गाजलं ते सांगायचं.

चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवर किसनबाबा आले. पाथर्डीपलीकडच्या वस्तीवरचे, सारी उमर ऊस तोडण्यात गेलेली, अंगाने काटकुळे. सोबत लेक मंगल. डोळे माझ्याहून पिवळे, अंगात ताप, दात वाजत होते. आणि बेंबीपर्यंत लोंबणारी घेटुळीची माळ. गाठ मी लांबूनच ओळखली. अशी गाठ तीन जिल्ह्यांत एकच माणूस मारतो.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, पाट अडलाय, पू झालाय, आत्ताच दुर्बीण घालायला हवी. मंगल रडत होती. बाबा मान हलवत होते.

"तिसगावच्या तात्याची माळ हाय," ते म्हणाले. "जावयानं आनली. बेंबीपत्तुर आली. आजून धा-बारा दिस. उतरल्याबिगर मी कशाला हात लावू देनार न्हाई."

माझ्या खाटेला कोणी खालून आग लावली असती, तर बरं झालं असतं. गप्प बसलो, तर माझं नाव राहत होतं. बाबा राहत नव्हते.

मी उठलो, सलाईनचा दांडा धरून त्यांच्या खाटेपाशी गेलो आणि म्हणालो, बाबा, तो तात्या मीच. मी सांगतो, माळ उतरली असं समजा आणि आत जा.

त्यांनी मला वरून खाली बघितलं. डोक्याला फेटा नाही, मागून नाडी बांधलेला झगा, डोळे अजून पिवळे.

"तात्या हितं कशाला यील?" ते म्हणाले. "त्याच्या घरात कावीळ शिरत न्हाई."

वॉर्ड हसला. माझं स्वतःचं वाक्य, मीच दर बाजारी पेरलेलं, असं कापणीला आलं होतं. आयुष्यभर खोटं बोललो आणि लोकांनी मानलं. एकदा खरं बोललो, तर कोणी मानेना. पण मीही हटणारा नव्हतो. त्यांना आत पाठवल्याशिवाय माझ्या खाटेवर परत जायचं नाही, एवढं ठरलं.

मी दांडा गर्रकन फिरवून त्यांच्यासमोर आणला. चार दिवस पंख्याखाली असलेली माळ आकड्यापासून सुटून दांड्याच्या निम्म्यावर आली होती.

"बाबा, ही गाठ बघा आणि तुमची बघा."

मोळ्या बांधून बांधून निबर झालेली त्यांची बोटं दोन्ही गाठींवरून फिरली. "येकाच हातची हाय," ते म्हणाले.

"ओल्या उसाची मोळी सकाळी आवळून बांधली आणि उन्हात पडली, तर?"

"ढिली हुती."

"तिची कावीळ उतरते म्हणून?"

त्यांनी दांड्यावरच्या गाठीत नख घालून बघितलं.

"मुळी ओली असते तेव्हा गाठ भरलेली असते. सुकली, की बारीक होते, गाठ सुटते, दोरा लांबतो. ही माळ या लोखंडी दांड्याला घातली होती बाबा. तिथेही ती उतरली. ह्याला कुठे कावीळ झाली होती?"

त्यांनी आपली माळ बेंबीपाशी चाचपली. त्यांचे दात वाजायचे तेवढे वाजत होते.

"मंग इतकी मान्सं बरी कशी झाली?"

"दिवसांनी, आपोआप. त्यांची कावीळ साधी होती. आपली तशी नाही. माझीही नव्हती. आपला पाट अडलाय."

"आन तुला ह्ये आदीपासनं ठावं हुतं?"

"व्हय."

हे मी बाबांना बघून म्हणालो, पण हिरा माझ्या पाठीशी उभी होती आणि तिने ते ऐकलं, हे मला पाठीला कळलं.

बाबांनी मंगलकडून कातर मागवली. माळ कापली, गोळा करून माझ्या हातात कोंबली. "घे तुजी," ते म्हणाले. "बरा हून आलो की तुज्याशी बोलतो." आणि स्ट्रेचरवर आडवे झाले.

बाबा दोन दिवस वेगळ्या खोलीत मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. ते दोन दिवस हिरा माझ्याशी बोलली नाही. पहिल्या संध्याकाळी एवढंच विचारलं, माझ्या भावाला घातली होती, तीही अशीच? मी म्हणालो, तोही दिवसांनीच बरा झाला. तिने मोसंबी सोलली, पण फोड माझ्या हातात दिली नाही, ताटलीत ठेवली.

माझं शेततळं त्याच काळात निघालं. बेंबीपाशी एक आणि वर तीन, अशी चार भोकं. दुसऱ्या दिवशी चाललो, तिसऱ्या दिवशी घरी जा म्हणाले. मामाला एवढ्या वेळात कूसही वळता आली नव्हती. निघायच्या सकाळी किसनबाबा वॉर्डात परत आले. डोळे निवळायला लागले होते. त्यांनी दिलेला शब्द पाळला. तासभर मला अशा शिव्या घातल्या, की दोन सिस्टरांनी सुट्टी मागितली. मी सगळ्या उभ्याने ऐकल्या. शेवटी दम लागला, तेव्हा त्यांनी मंगलला सांगितलं, तात्याला चहा दे.

पुन्हा तिसगाव

बातमी माझ्याआधी पोहोचली होती. मोबाईलवर ती करंजीचा घाट एका उडीत चढते. एसटीतून उतरलो, तर स्टँडवरच्या मंडळींनी विचारलं, तात्या, व्याख्यान कसं झालं? मी म्हणालो, फार रंगलं, चार ठिकाणी टाके पडले.

पुढच्या बाजारी मी नेहमीच्या जागी बसलो. हिरा शेजारी बसली, बघायला, की मी काय करतो. रांग नव्हती. लोक लांबून बघत होते. दुपारी मिरीकडचा एक गडी आपल्या बायकोला घेऊन आला. तिचे डोळे पिवळे, हात बरगडीखाली. त्याला बातमी नव्हती. त्याने माळ मागितली.

मी तिला लघवीचा रंग विचारला, ताप विचारला, कळ कुठे उठते ते विचारलं. कृपाबाई विचारायची त्याच क्रमाने. मग सदरा वर करून भोकं दाखवली. चारच आहेत. मी नऊ सांगितली. तेवढं चालतं.

गडी म्हणाला, ते सगळं खरं, पण एक माळ तरी द्या, आईनं सांगितलंय, माळ घेतल्याबिगर घरी येऊ नका.

हिरा उठली. चटईची गुंडाळी केली आणि माझ्या काखेत दिली. "चला," म्हणाली. "त्यांना वाट दावायला कोन तरी पायजे."

नगरच्या एसटीत मी त्या बाईला खिडकीशी बसवलं. घाटात तिने विचारलं, लई दुखतं का? आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट होती तेवढीच सांगितली.